शांतता आणि जागतिक आरोग्य : दरमहा किती?

(दिंडोरी तालुक्यातल्या होतकरू विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

तुम्ही बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. नीटची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा ती नीट गेली नाही. परवा रात्री बागेत मोटर चालू करायला गेला होता. थ्री फेज लाइट यायची होती, म्हणून बांधावर बसून मोबाइल चाळत होता. तेवढ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या एका मुलीचा फोटो दिसला. खाली लिहिलं होतं, 'ग्लोबल हेल्थ अँड पीस इंटर्न'. लाइट आली, मोटर सुरू झाली, ड्रिप भरून वाहायला लागलं, तरी तुम्ही बांधावरून उठला नाहीत. ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला तुम्ही विषय काढाल. वडील दोन प्रश्न विचारतील. पहिला : "म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" दुसरा : "आणि देतात किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या क्षेत्रात हयात घालवलेल्यांनाही एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आपण दुसऱ्यापासून सुरुवात करू.

लागणारं साहित्य

आधार कार्ड, बँक खात्याला जोडलेलं. (जोडलंय अशी तुमची खात्री असते. ते जोडलेलं नसतं.) पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, चारांत डोळे उघडे असावेत. एका पानाचा बायोडेटा, त्यातून 'छंद : वाचन, क्रिकेट' ही ओळ काढून टाका, खरी असली तरी. छत्री. पाण्याची बाटली. एक वही, दोन पेनं. दुसरं पेन कोणीतरी मागून नेतं.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे चप्पल. लेसचे बूट घालू नका. या क्षेत्रात घरोघर जायचं असतं आणि प्रत्येक उंबऱ्याबाहेर पायताण काढायचं असतं. दहाव्या घराला लेस सोडताना मानवतेवरचा विश्वास डळमळतो.

पायरी 1 : शब्द पाठ करा

या क्षेत्रात पैशाला पैसा म्हणत नाहीत. म्हणून आधी शब्दसंग्रह.

*पगार* : ज्याची तारीख ठरलेली असते तो. तुमचा याच्याशी सध्या संबंध नाही.

*रोज* : पेठ, सुरगाण्याकडून पिकअपमध्ये बसून जे मजूर द्राक्षबागेत छाटणीला, डिपिंगला, विरळणीला येतात त्यांना मिळतो तो. काम सुरू होण्याआधी ठरतो. ठरला तेवढा दिला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळी टोळी शेजाऱ्याच्या बागेत दिसते. रोजगाराच्या बाबतीत तालुक्यात एवढा स्वच्छ करार दुसरा नाही. पुढे तुम्ही कोणत्याही संस्थेचं करारपत्र वाचाल तेव्हा मनात त्याची रोजाशी तुलना करा.

*मानधन* : सरपंच, अंगणवाडी सेविका आणि प्रमुख पाहुणे यांना मिळतं. तिघांना मिळणाऱ्या मानात आणि धनात पुष्कळ फरक असतो.

*मोबदला* : आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य-स्वयंसेविकांना, मिळतो. कामागणिक. याच्याबद्दल पुढे स्वतंत्र पायरी आहे.

*विद्यावेतन* : यालाच स्टायपेंड म्हणतात. तुम्ही शिकत असता म्हणून कमी, आणि कमी असतं म्हणून उशिरा.

*प्रवासखर्च* : तिकीट दाखवल्यावर मिळतो. तुम्ही पिकअपच्या मागे उभं राहून आलेले असता.

*एक्स्पोजर* : बिनपैशाच्या कामात भरपूर मिळतं म्हणतात. द्राक्षाच्या घडाला एक्स्पोजर जास्त झालं तर सनबर्न होतो आणि आपण त्यावर कागद बांधतो, एवढं लक्षात असू द्या.

पायरी 2 : जिनिव्हाचा नाद पुरा करून घ्या

मनात ठेवण्यापेक्षा एकदाच काय ते जाणून घ्यावं. न्यूयॉर्क, जिनिव्हा इथे संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नशिप मिळते, पण तिथे विद्यावेतन नाही. विमान, खोली, जेवण, व्हिसा, विमा हे सगळं ज्याचं त्याने पाहायचं. 2015 साली न्यूझीलंडहून आलेला बावीस वर्षांचा एक मुलगा जिनिव्हातलं भाडं परवडत नाही म्हणून तंबू ठोकून राहत होता आणि तिथूनच टाय लावून कामावर जात होता. वर्तमानपत्रांत फोटो आले तेव्हा जगाला धक्का बसला. वणीच्या चैत्रोत्सवाला खानदेशातून पायी येणाऱ्यांना बसला नसता, पण त्यांच्याकडे टायची सक्ती नसते.

जागतिक आरोग्य संघटनाही पूर्वी इंटर्नना काही देत नसे. जगाच्या आरोग्याचं काम फक्त ज्यांच्या घरचं बरं आहे अशांच्याच मुलांना करता येतं, अशी टीका बरीच वर्षं झाली आणि 2020 पासून संघटनेने विद्यावेतन सुरू केलं. मुदत सहा ते चोवीस आठवडे. तेव्हा अर्ज जरूर करा. फक्त त्या फोटोतल्या मुलीनेही केलाय आणि तिच्याकडे लाइट जात नाही, हे ध्यानात असू द्या.

जिनिव्हाबद्दल एक गोष्ट मात्र माहीत हवी. आँरी द्युनां नावाचा तिथला एक व्यापारी 1859 साली तिसऱ्या नेपोलियनला गाठायला इटलीत गेला. अल्जीरियात त्याची गिरण्यांची कंपनी होती आणि जमीन-पाण्याच्या परवानगीची फाइल अडकली होती. म्हणजे आपल्याकडचा माणूस पाटबंधारे कार्यालयात जातो तसाच गेला, फक्त साहेब जरा मोठे होते. वाटेत सोल्फेरिनोची लढाई नुकतीच संपलेली. हजारो जखमी नुसते पडून. द्युनां फाइल विसरला आणि गावातल्या बायकांना हाताशी धरून पाणी पाजायला, पट्ट्या बांधायला लागला. त्यातूनच 1863 मध्ये रेडक्रॉस उभी राहिली. धंद्याकडे दुर्लक्ष झालं, 1867 मध्ये दिवाळं निघालं, जिनिव्हा सोडावं लागलं. 1901 साली शांततेचं पहिलं नोबेल त्याला विभागून मिळालं, तेव्हा तो एका खेड्यातल्या दवाखान्याच्या खोलीत राहत होता.

शांतता आणि आरोग्य या जोड-क्षेत्रातला हा पहिला बिनपगारी इंटर्न म्हणायला हरकत नाही. ही गोष्ट वडिलांना सांगू नका.

पायरी 3 : कॉलेजचं दार

सर्वात जवळचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून सुरू असलेली. दोन वर्षांत 240 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. श्रमदानात तुम्ही मागच्या वर्षीच्या तुकडीने बांधलेला वनराई बंधारा पुन्हा बांधता. बौद्धिकात पाहुणे सांगतात की तरुणांनी झोपून राहू नये. पहाटे पाचला उठवलेली मुलं ते डोळे मिटून ऐकतात. पैसे शून्य, पण खिचडी मनापासून.

दुसरा मार्ग नव्या शैक्षणिक धोरणातून आला : ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. एका क्रेडिटला तीस तास, चार क्रेडिटला एकशे वीस. कॉलेज म्हणतं, जागा तुम्हीच शोधा. मग मार्च महिन्यात तालुक्याच्या गावात एक दृश्य दिसतं : पन्नास मुलं पन्नास कार्यालयांत शिरून, काम आहे का असं न विचारता, शिक्का आहे का असं विचारत असतात. तुम्ही असं करू नका. आधी काम विचारा, मग शिक्का. शिक्का कुठेही जात नाही. ड्रॉवरमध्ये असतो आणि ड्रॉवरची किल्ली रजेवर असते.

पायरी 4 : सरकारी दार

2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. लाडक्या बहिणीच्या योजनेपाठोपाठ आल्यामुळे लोकांनी तिला लगेच 'लाडका भाऊ' म्हटलं. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. आधी सहा महिने, नंतर मुदत पाच महिन्यांनी वाढवली. पैसे थेट खात्यात. (आधार कार्डाबद्दल वर जे सांगितलं ते इथे पुन्हा वाचा.) शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, कुठेही काम मिळू शकतं. आरोग्यात रस असणाऱ्याला याहून सोपं दार नाही. पण एक अट आहे, शिक्षण सुरू नसावं. विद्यार्थी असाल तर शिकाऊ होता येत नाही.

पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत महिन्याला 5,000 आणि सुरुवातीला एकदा 6,000 रुपये. वय 21 ते 24, जागा मोठ्या कंपन्यांत. पूर्णवेळ शिकणाऱ्याला तिथेही प्रवेश नाही. मुख्यमंत्री फेलोशिपचं विद्यावेतन ऐकून आई देवापुढे साखर ठेवेल, पण जागा साठ, राज्य एवढं, आणि पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव आधीच असावा लागतो. अनुभव मिळावा म्हणून जिथे जायचं तिथे अनुभव घेऊन जायचं. साखरेच्या कारखान्यात साखर घेऊन जाण्यासारखंच हे.

पायरी 5 : संस्था निवडा, पण आधी प्रश्न विचारा

महाराष्ट्राने या क्षेत्रात जगाला बरंच शिकवलंय, हे जिनिव्हाला माहीत आहे, दिंडोरीला कमी. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं. बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या गावच्या बायकांना त्यांनी आरोग्याचं शिक्षण दिलं. 1978 च्या अल्मा-आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेची जी दिशा ठरवली तिच्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचं उदाहरण होतं, त्यांत जामखेड होतं. आजही परदेशी विद्यार्थी तिथे शिकायला येतात. तुमच्या स्वप्नातली मुलगी जिनिव्हाहून जामखेडची गाडी शोधत असेल आणि तुम्ही नाशिकच्या स्टँडवर जिनिव्हाची, अशी चुकामूक अगदी शक्य आहे.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीला 'सर्च' सुरू केली. 39 गावांत त्यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात-मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. त्यावरचा निबंध 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, मग ती पद्धत देशाने घेतली, इतर देशांनीही घेतली. 2006 पासून तरुणांसाठी 'निर्माण' ही शिबिरमालिका ते चालवतात. तिथे पहिल्याच दिवशी तुम्हाला 'आयुष्याचं काय करणार?' असं विचारतात. तयारी करून जा. 'यूपीएससी' हे उत्तर चालत नाही.

संस्थेला फोन करताना तीन प्रश्न विचारा. राहायची सोय आहे का, जेवण कोणाच्या खर्चाने, आणि विद्यावेतन किती व कधी. तिसरा प्रश्न विचारताना मराठी माणसाचा आवाज आपोआप खाली जातो. तो वर ठेवायचा सराव मोटरच्या खोलीत करा.

मी हा सराव केला नव्हता. एका संस्थेत तीन महिने गावोगाव प्रश्नावल्या भरल्या. पैशाचं विचारलं नाही, कारण भिंतीवर गांधीजींचा फोटो होता आणि त्यांच्यासमोर ते बरं दिसेना. शेवटच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि 'तुमच्यासारख्या तरुणांची देशाला गरज आहे' हे वाक्य मिळालं. नारळ घरी आला, आईने फोडला, तो नासका निघाला. त्यात संस्थेचा दोष नव्हता. पण प्रश्न विचारला असता तर नारळाकडे माझ्या एवढ्या अपेक्षा राहिल्या नसत्या.

पायरी 6 : जागतिक आरोग्याचा एक दिवस

आता प्रात्यक्षिक. नात्यात, भावकीत, गल्लीत आशाताई शोधा. हजार लोकवस्तीमागे एक असते, त्यामुळे तुमच्या ओळखीची निघणारच. माझी मावशी निघाली.

सकाळी नऊला तिच्याकडे जा. ती म्हणेल, "नुसता उभा राहू नको, पिशवी घे." पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ, दंडाची फीत, डायरी आणि पाच प्रकारचे फॉर्म असतात. पहिलं घर बाळंतिणीचं. आत गेल्यावर मावशी बाळाकडे आधी बघत नाही. आधी साबणाने हात धुते, कोपरापर्यंत, आणि पुसत नाही, हवेत धरून वाळवते. तुम्ही टॉवेल पुढे केलात तर ती तुमच्याकडे जे बघते त्याला प्रशिक्षण म्हणतात.

मग बाळाच्या अंगावरचं दुपटं सोडून ती घड्याळ समोर धरते आणि पोटाची हालचाल मोजते, पूर्ण एक मिनिट. श्वास साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले तर गाडी बोलवायची. त्या मिनिटात घरात कोणी बोलत नाही. आजी चुलीपुढे फुंकणी धरून थांबते. माझ्या कानाला ते मिनिट फार लांब वाटलं. "बेचाळीस," मावशी म्हणाली, आणि फुंकणी पुन्हा सुरू झाली. मग झोळीत वजन, काखेत ताप, बेंबी बघणं, आईला दोन प्रश्न, सासूला चार.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर अशा सहा भेटी : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी. सगळ्या भेटी पूर्ण, फॉर्म पूर्ण, सही-शिक्के पूर्ण, की मोबदला 250 रुपये. गडचिरोलीतून निघालेलं, 'लॅन्सेट'मधून फिरून आलेलं काम ते हेच.

पुढचं घर अंगणवाडीजवळचं. दीड वर्षाच्या मुलाच्या दंडाला फीत लावायची. हिरवं आलं तर ठीक. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. मूल फीत खेचत असतं, आई 'आमच्यातले सगळे बारीकच' म्हणत असते, आणि तुम्हाला त्या दोन रंगांमधला अर्धा मिलिमीटर नीट वाचायचा असतो. युनिसेफचा अधिकारी आफ्रिकेत हीच फीत लावतो. फरक एवढाच की त्याला गाडीपर्यंत सोडायला चालक असतो.

दुपारी क्षयाचा संशय असलेल्या म्हाताऱ्याची थुंकीची डबी उपकेंद्रात पोहोचवा. संध्याकाळी ॲपमध्ये नोंदी. ॲप फिरत राहतं. रेंजसाठी मावशी पाण्याच्या टाकीवर चढते, तुम्ही खालून शिडी धरा. इंटर्नशिपच्या जाहिरातीत याला 'डेटा मॅनेजमेंट' म्हणतात.

मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना 'ग्लोबल हेल्थ लीडर्स' पुरस्कार दिला. म्हणजे तुम्हाला ज्या खात्यात शिकाऊ म्हणून शिरायचंय, त्या खात्याने आपल्या मावशीला नेता ठरवलंय. ही बातमी मी तिला वाचून दाखवली तेव्हा ती कुष्ठरोग सर्वेक्षणाच्या याद्या लावत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "दहा लाखांत वाटून किती आले?" पुढे संप झाले, आझाद मैदानात बसावं लागलं, आणि 2024 मध्ये राज्याने आशांचं मानधन महिन्याला पाच हजारांनी वाढवलं. पुरस्काराची बातमी तिने जपून ठेवली नाही. वाढीच्या बातमीचं कात्रण डायरीत आहे.

पायरी 7 : शांततेचा एक दिवस

योहान गाल्टुंग नावाचे नॉर्वेचे विद्वान होऊन गेले. शांतता दोन तऱ्हेची, असं त्यांनी मांडलं. मारामारी थांबली ही नकारात्मक शांतता. मारामारीचं कारणच उरलं नाही ही सकारात्मक. हे समजायला ऑस्लोला जायची गरज नाही. दोन भावांनी बांध कोरणं थांबवलं, ही पहिली. एकाच्या मुलीच्या हळदीला दुसऱ्याची बायको पाट्यावर बसली, ही दुसरी.

15 ऑगस्ट 2007 रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंट्यांचे प्रकार ठरले : दिवाणी, महसुली, फौजदारी, इतर. गावोगाव समित्या झाल्या, नोंदवह्या झाल्या, पात्र गावांना लोकसंख्येप्रमाणे बक्षिसं मिळाली. शांततेला रोख बक्षीस देणारी अशी योजना जगात क्वचित असेल. तुमच्या गावच्या समितीची नोंदवही मिळाली तर वाचा. त्यात वाट आहे, बांध आहे, विहिरीचं सामाईक पाणी आहे, आणि 'आंब्याची फांदी' हेही आहे. प्रत्येक तंट्यापुढे 'आपसात मिटला' असा शेरा असतो. कसा मिटला ते लिहिलेलं नसतं. ते पारावर बसून काढून घेणं हे तुमचं काम. त्यासाठी तंबाखू खात नसलात तरी चुना जवळ ठेवा.

मोठा धडा हवा असेल तर वाघाडच्या कालव्यावर जा. धरण आपल्या तालुक्यात, कोळवण नदीवर. कालव्याचं शेपूट ओझरकडे. हेडच्या लोकांना पाणी भरपूर, टेलच्या लोकांना कागदावर. रात्री दारं उघडणं, चाऱ्या फोडणं, पाटकऱ्याला दमदाटी, सगळं यथास्थित. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी 1990 च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांना पाणीवापर संस्थांत गोळा केलं. आधी तीन संस्था, मग वाढत वाढत पूर्ण प्रकल्पावर चोवीस, आणि अखेर धरणाच्या पाण्याचं वाटप शेतकऱ्यांच्याच महासंघाकडे आलं. युक्ती काय? पाणी मोजून द्यायचं. पिकावर आणि ओळखीवर न देता घनमीटरवर द्यायचं, आणि शेपटाकडून भिजवत वर यायचं.

संघर्ष-निवारणाच्या पाठ्यपुस्तकात 'परस्पर विश्वासाची उभारणी' असा धडा असतो. वाघाडला विश्वास नंतर आला. आधी मोजपट्टी आली.

पायरी 8 : 'ग्लोबल' कुठून सुरू होतं

दिंडोरीच्या बागायतदाराला 'ग्लोबल' शब्द शिकवायला नको. ग्लोबलगॅपचं सर्टिफिकेट त्याच्या कपाटात आहे. 2010 साली युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले, कंटेनर अडकले, आणि बागायतदारांचं वर्ष पाण्यात गेलं. मण्यात कोणतं औषध किती राहिलं, हे दशलक्षात किती भाग इथपर्यंत मोजलं जातं.

तुमचा प्रकल्प अहवाल इथे आहे. पहाटे बागेत जा. फवारणी करणाऱ्या माणसाने तोंडाला काय बांधलंय ते बघा. बहुतेक वेळा रुमाल असतो, आणि तोच रुमाल दुपारी भाकरी बांधायला. फवारणीनंतर किती दिवस द्राक्ष तोडायचं नाही हे त्याला पाठ असतं. स्वतः किती वेळाने हात धुवायचे हे विचारलं तर तो हसतो. नेदरलँड्सच्या ग्राहकाच्या पोटाची काळजी घेणारी साखळी बागेपर्यंत येते आणि ब्लोअरच्या सीटपाशी थांबते. ती पुढे चार फूट न्यायची असेल तर काय लागेल? हा प्रश्न घेऊन वीस फवारणी करणाऱ्यांशी बोला, वीस पानं लिहा. त्याच्या मुखपृष्ठावर द्राक्षाचा फोटो टाकू नका.

जोडीला सर्पदंश घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. आपल्याकडे रात्रीचं पाणी धरणाऱ्याने ते केव्हाच दिलं होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर खेड्यात बसून जे काम केलं ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. त्यांची प्रयोगशाळाही अशीच, रात्री दवाखान्यात आणलेला माणूस आणि उशाशी बसलेला डॉक्टर.

नेहमीचे प्रश्न

*मराठी मुलाने हे आधी केलंय का?* केलंय. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस मुंबईत डॉक्टर झाले, पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती, आणि 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस तिथेच राहिले, आणि ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले त्याचं नाव होतं बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय. शांतता, आरोग्य आणि जग एकाच पाटीवर. 1942 मध्ये, बत्तिसाव्या वर्षी ते गेले. हेही घरी सांगताना शेवट आधी सांगू नका.

*इंग्रजी कच्चं आहे.* मावशीचंही आहे. 'हाय रिस्क' हा शब्द मात्र ती अचूक जागी वापरते.

*पैसे मागितले तर सेवाभाव कमी होतो का?* फुकट काम फक्त ज्यांना परवडतं तेच करतात. मग सेवेचा ठेका त्यांच्याकडेच जातो. रोज घेणाऱ्या मजुराच्या छाटणीत भाव कमी असतो असं कोणी म्हणत नाही.

पायरी 9 : अर्ज भरणे

आता जिनिव्हाचा अर्ज उघडा. लाइट असताना. 'प्रेरणा' या रकान्यात आपण लहानपणापासून जगाची सेवा करू इच्छित होतो असं लिहू नका. लहानपणी तुम्ही कंडक्टर होणार होता. बेचाळीस श्वासांचं ते मिनिट लिहा. टेलच्या शेतकऱ्याची मोजपट्टी लिहा. फवारणी करणाऱ्याचा रुमाल लिहा.

पुढचा रकाना : तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीचं नाव, हुद्दा, ईमेल. नाव मावशीचं घाला. हुद्द्याला तयार यादी येते : संचालक, प्राध्यापक, प्रकल्प व्यवस्थापक, वैद्यकीय अधिकारी, इतर. 'इतर' निवडा.

ईमेलसाठी तिच्याकडे जावं लागेल. तो तिच्या मुलाने उघडून दिला होता आणि पासवर्ड कोणालाच आठवत नाही. गेल्यासारखं तिच्या या महिन्याच्या नोंदी ॲपवर चढवून द्या. ती चहा ठेवेल आणि गाळता गाळता विचारेल, "तिकडे देतात किती रे?"

आकडा खरा सांगा, रुपयांत करून. ती मनातल्या मनात त्याला अडीचशेने भागेल आणि कप पुढे करत म्हणेल, "एवढी बाळं आपल्या गावात होत नाहीत."